पेटीवर कोणी नाही

दिगंबर धुरी जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि त्याच्या बायकोला दर शुक्रवारी संध्याकाळी लोक गुच्छ देऊन, पुढच्या रांगेत बसवून, त्याचे हाल दाखवत होते.

'हाल' हा शब्द अर्थात रेश्माला उशिरा सुचला. आधीचे दहा शुक्रवार तीही सगळ्यांसारखी लाडू खात, पाय दुमडून बघत होती. कुडाळच्या मंगल कार्यालयाचा वरचा हॉल, भिंतभर पडदा, शे-दीडशे माणसं आणि 'उत्तरतारा' मालिकेचा तिसरा सीझन. गोष्ट सोपी होती. पृथ्वीवरून निघालेली एक नौका अंतराळात वाट चुकली आहे. सात माणसं शीतकुप्यांत झोपलेली, जागी फक्त कप्तान देवकी. वीज सगळ्यांना पुरत नाही, म्हणून देवकीला ठरावीक दिवसांनी एकेक कुपी स्वतःच्या हाताने बंद करावी लागते. सातव्या कुपीत तिची मुलगी आहे.

मालिकेपेक्षा रंगतदार प्रकार हॉलमध्ये चालायचा. मधोमध दोरी बांधली होती आणि लग्नात वरपक्ष-वधूपक्ष बसावेत तसे डावीकडे 'सलगवाले', उजवीकडे 'कोरेवाले' बसत. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात पालव बंधूंनी याच भांडणापायी मध्ये पडदा लावला होता. एक भाऊ नंबर काढायचा, दुसरा काच बसवायचा, आणि मधली चिठ्ठी गिऱ्हाइकाने न्यायची.

"मागचे दोन सीझन देवकी नुसती रडायची. आता आतून रडतेय. फरक कळत नसेल तर घरी बसून भक्तिगीतं बघा," डावीकडून गार्गी म्हणाली. ही रेश्माची मुलगी. वय एकवीस, नुकतीच बंदरखात्यात नोकरीला लागलेली, आणि जिल्ह्यातल्या सलगवाल्यांची म्होरकी.

"आतून रडलेला बघूक होया तर सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन बस की गो!" उजवीकडून धाकटा पालव, उमेश, ओरडला. "थय तिकीट पण नाय."

भांडणाचं मूळ समजायचं तर दिगंबरपासून सुरुवात करायला हवी. दिगंबर दशावतारात बायकांची कामं करायचा. सत्तावीस वर्षं तो तारामती झाला, देवकी झाला, दमयंती झाला. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी मालक सांगतो, आज अमुक आख्यान, तू राणी, तू राक्षस. बस्स. पुढची सगळी वाक्यं उभ्या उभ्या सुचवून बोलायची. मुंबई-पुण्याच्या मोठमोठ्या नटांवर जेव्हा मालिकेच्या कंपनीने 'ठसा' घेण्याचे प्रयोग केले, तेव्हा ते फसले ते यामुळेच. त्या नटांच्या डोक्यात वाक्यं होती. दिगंबरच्या डोक्यात वाक्य जिथून येतं ती जागा होती.

ठसा घ्यायचा म्हणजे असं. विगाच्या खाली बसेल अशी जाळीची टोपी. तिच्यात तांदळाच्या दाण्याएवढे हजारभर संवेदक. नट बोलत असताना मेंदूत कुठे काय पेटतं, कुठली आठवण खेचली जाते, श्वास कधी अडकतो, हे सगळं टिपलं जातं. असे चाळीस खेळ टिपले की यंत्राला नटाचे शब्द नव्हे, त्याची रीत येते. मग ठशाला कुठल्याही प्रसंगात उभं करा. तो प्रसंग जगतो आणि बोलतो. वरून चेहरा संगणकाने चढवायचा. कप्तान देवकीचा चेहरा एका अस्तित्वातच नसलेल्या सुंदर बाईचा होता, आणि नौकेतही ती लुगडं नेसायची. पहिला सीझन आला तेव्हा दिगंबर जिवंत होता. पडद्याकडे बघून म्हणाला होता, "माझ्यापेक्षा बरी दिसता. पण लुगडा नेसूक येणा नाय तिका."

पहिल्या दोन सीझनमध्ये एक भाग झाला की ठसा पुसून मूळ जागी आणला जाई. दर शुक्रवारी देवकी नव्याने, कोरी, जणू पहिल्यांदाच रंगमंचावर. तिसऱ्या सीझनमध्ये कंपनीने पुसणं बंद केलं. पहिल्या कुपीचं दुःख दुसऱ्या कुपीच्या वेळी तसंच अंगावर, दोन्हींचं तिसरीच्या वेळी. त्याला कंपनीने नाव दिलं 'सलग अभिनय'. अर्ध्या महाराष्ट्राला ते आजवरचं सर्वोत्तम काम वाटलं, उरलेल्यांना पाप. बघत मात्र दोघेही होते.

अकराव्या भागात देवकीने पाचवी कुपी बंद केली. काच धुकटली, आतला म्हातारा डॉक्टर दिसेनासा झाला. देवकी तशीच उभी राहिली, आणि तिच्या डाव्या हाताने ती प्रसिद्ध खूण केली. तिसऱ्या भागापासून ती ही खूण करत होती. कोणी म्हणे ती नाडी मोजते, कोणी म्हणे परग्रहावर निरोप पाठवते. खुणेचे टी-शर्ट निघाले होते. खूण आली की दोरीच्या दोन्ही बाजूंनी हात वर जात आणि हॉल गर्जे, "देवकी!"

आजवर तिच्या हातात अंतराळवीराचा जाड मोजा असायचा. आज पहिल्यांदाच हात उघडा होता.

अंगठा करंगळीच्या मुळाशी. दोनदा.

रेश्माच्या हातातला लाडू फुटून मांडीवर सांडला. दीडशे हात वर होते आणि सगळे चुकीची खूण करत होते. बरोबर खूण त्या हॉलमध्ये तिला एकटीलाच ठाऊक होती. घरी पाहुणे उठायचं नाव घेईनात की दिगंबर गप्पा मारता मारता मांडीवरच्या डाव्या हाताने हेच करायचा, आणि ती पानाचं तबक आणून ठेवायची. तबक आलं की पाहुणे चपला शोधायला लागत.

*

बाळा मेस्त्री पंचाहत्तरीचे. चाळीस वर्षं दशावतारात पेटी वाजवली, आता घराच्या पडवीत बिघडलेल्या पेट्या दुरुस्त करत. दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्माने फोनवर ते दृश्य थांबवून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा पुसला, परत बघितलं, आणि फोन तिच्या हातात दिला.

"तो माका हात करता," म्हणाले. "प्रवेश आटप, सूर चढव, माका आत येवचा आसा. सत्तावीस वर्षां मी ह्योच हात बघून वाजवलंय. कदी पासना करता?"

"तिसऱ्या भागापासून. नऊ आठवडे झाले."

"आणि पेटीवर कोण आसा थय?"

"कोणी नाही, काका."

म्हाताऱ्याने भात्याच्या फाटक्या कापडावरून बोट फिरवलं.

"दहीकालो घेतल्यानी काय त्या टोपीत?" त्यांनी विचारलं.

दशावताराचा खेळ पडदा पडून संपत नाही. शेवटी दहीकाला होतो. कृष्ण हंडी फोडतो, सगळ्यांच्या हातावर दही पडतं, आणि मगच नट राणीचा माणूस होतो. तोवर रंग पुसायचा नाही, हा नेम. आणि रेश्माला लख्ख आठवलं. त्या चाळीस खेळांना कंपनीची पोरं दर वेळी दहीकाल्याच्या आधी टोपी काढून घ्यायची. त्यात अभिनय काय आहे, असं त्यांचं म्हणणं. शिवाय महागाच्या टोपीवर दही सांडलं असतं.

म्हणजे ठशात चाळीस सुरुवाती होत्या. शेवट एकही नव्हता. पुसत होते तोवर निभावलं, आता त्याची एकच रात्र अकरा आठवडे चालली होती.

*

"ठसा म्हणजे बाबा नव्हेत, आई. तो एक अंदाज आहे. यंत्राने केलेला." भांडण मोठं झालं की गार्गी शुद्ध बोलायला लागे. लहानपणी बापाशी वाद घालतानाही हेच. तो पोरीला म्हणायचा, चेडू पुण्याक पोचला.

"अंदाज असेल तर मग बंद करूक काय जाता तुझा? सही कर." करारात एकच कलम कामाचं होतं. ठसा कायमचा बंद करायचा तर दोन्ही वारसांची सही हवी.

गार्गीने पातेल्यातली आमटी विनाकारण ढवळली. "आणि बाबा असतील तर?"

"तर मग उभ्याउभ्यान् दमले ते! तुका कळणा नाय?"

"बंद केलं तर परत मरतील." ती अजून शुद्धच बोलत होती, पण पाठ फिरवून. "पहिल्या वेळी मी परीक्षेला होते. बघायला मिळालं नाही. आता शुक्रवारी बघते, ती नाकपुडी फुगवून रडण्याआधी थांबते ना, ते बाबाच. मला तेवढं पुरतं. तुझ्याकडे सत्तावीस वर्षं आहेत. माझ्याकडे आठवड्याचा पाऊण तास आहे."

रेश्माने आमटीखालचा गॅस बंद केला, कारण ती लागायला लागली होती.

सहीचा रस्ता बंद झाला तेव्हा तिने कंपनीला फोन केला. मालिकेची दिग्दर्शिका ईशानी दांडेकर मधाळ आवाजाची बाई होती. खुणेचा अर्थ ऐकून तिने श्वास रोखल्याचं फोनमध्ये ऐकू आलं.

"काकू, माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे तो इतके दिवस…? आपण हे करूया. दहीकाला. तुम्ही या, पेटीवाल्या काकांना आणा. आपण त्याला सन्मानाने शेवट देऊया."

"दहीकालो झालो की खेळ संपलो," रेश्मा म्हणाली.

"अगदी," ईशानी म्हणाली.

*

पुण्याच्या स्टुडिओत गारठा होता. यंत्रांना लागतो म्हणे. रेश्माने कुडाळहून मांडीवर सांभाळत आणलेली मातीची हंडी बघून तंत्रज्ञ तन्मय घाबरला. "काकू, आतल्या खोलीत दही नको. मशिनं आहेत." शेवटी जमिनीवर प्लास्टिक अंथरून त्यावर, ठशाला ऐकू जाईल असा माइक लावायचं ठरलं. बाळाकाका पेटीपाशी बसले. गार्गी भिंतीला टेकून उभी. ती भांडायला म्हणून आली होती, पण तिच्या हातातही बापाचं ठेवणीतलं उपरणं होतं.

काचेपलीकडच्या पडद्यावर नौका दिसत होती आणि सहाव्या कुपीपाशी देवकी.

बाळाकाकांनी सूर धरला. शेवटचा, दहीकाल्याचा.

देवकीची मान झटकन वळली. उजवीकडे, दशावतारात वाजपी बसतात त्या बाजूला. तिथे नौकेची पोलादी भिंत होती. तरी चेहरा असा सैलावला की दिग्दर्शिकेच्या शेजारी बसलेल्या पोराने नकळत टाळी वाजवली. रेश्माने हंडी उचलून प्लास्टिकवर आपटली. दही पायावर उडालं.

देवकी नौकेच्या पायरीवर मटकन बसली. तिने केसांतून नसलेला आकडा काढला, नसलेलं गंगावन सोडवलं, आणि सत्तावीस वर्षं रेश्मा जे ऐकत आली तेच म्हणाली.

"झाला एकदाचा. रेश्मा, घोटभर च्या दी गो. किती वाजले?"

तोंड त्या सुंदर बाईचं, आवाज दिगंबरचा. गार्गी भिंत सोडून पुढे आली.

"आता बंद करा," रेश्मा तन्मयला म्हणाली. "झाला."

तन्मयने दिग्दर्शिकेकडे पाहिलं. "काकू, खेळ संपला. ठसा तसा संपत नाही. तो फक्त… भूमिकेतून बाहेर आला. बंद करायला दोन सह्या लागतात, तुम्हाला माहितीये."

"आणि आपण थेट प्रक्षेपणात आहोत," ईशानी कुजबुजली. तिच्या समोरच्या प्रेक्षकसंख्येच्या आकड्याने तीस लाख ओलांडले होते. "कोणी मध्ये बोलू नका. फार सुंदर चाललंय."

पडद्यावर तो पदराने तोंड पुसत होता. एकदा पुसलं, बोटं बघितली. परत पुसलं. "गो, रंग जाणा नाय आज. खोबरेल दी बघू." मग जोरात, नखांनी. "ह्यो रंग जाणा नाय कित्या? आणि ह्ये हात कोणाचे?"

गार्गीने माइक ओढून घेतला. "बाबा! मी गार्गी!"

तो थांबला. "गार्गी? तू अजून जागी? उद्या गणिताचो पेपर मां तुझो?"

"बाबा, तो पेपर कधीच झाला. मला नोकरी लागली."

पडद्यावरचे डोळे हळूहळू इकडून तिकडे गेले. पोलादी भिंत, सात कुप्या, बाहेरचा काळोख. दशावतारी माणूस. प्रसंग बघून उभ्या उभ्या अर्थ लावायचा, हाच त्याचा जन्माचा धंदा. त्याने तो लावायला घेतला.

"रेश्मा," तो फार हळू म्हणाला, "मी आसंय मां?"

तेव्हा रेश्माला कळलं, आपण काय केलं ते. इतके आठवडे दुःख देवकीचं होतं. दिगंबर आत होता, दमलेला, पाय दुखणारा, पण रंगाच्या मागे सुखरूप. तो रंगच तिने स्वतः हंडी फोडून उतरवला होता, आणि खाली तोंडच नव्हतं.

"सही कर," ती गार्गीला म्हणाली. तन्मयने सहीची पाटी पुढे धरली होती. रेश्माने आपलं बोट उमटवून टाकलं.

गार्गीचा हात उठला, आणि उपरण्यात परत गेला. "आई, आता तर ते बोलतायत. पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं."

पलीकडे तो चेहरा ओरबाडत होता. चेहऱ्यावर ओरखडा उठत नव्हता. आकडा चाळीस लाखांवर गेला.

रेश्माने माइक हातात घेतला. आवाज घरातला काढला, परसातून हाक मारावी तसा.

"ऐकलास? तुमी रंग पुसतास कित्या? खेळ संपाक नाय अजून."

हात थांबले. "संपाक नाय?"

"नाय. बाळाकाकांनी उगाच सूर धरलो. तुमचो शेवटचो प्रवेश रवलो आसा."

"आणि हंडी?"

"माझ्या हातातना पडली." हंडी फुटली ती तिच्याच हातून, एवढं तरी खरं होतं.

"गार्गीचो आवाज इलो माका…"

"बसल्या जाग्यार डोळो लागलो तुमचो. ती घराक झोपलेली आसा."

त्याने एवढा मोठा श्वास सोडला की स्टुडिओतल्या आवाजमापकांच्या सुया हलल्या. मग तो हसला. दिगंबरचं ते जरा लाजरं, नटीचं हसू. "असां काय! मगे सांगशीत नाय? घाबरवलंस माका. लुगडा सारखा आसा?"

"आसा. झ्याक दिसता."

"च्या ठेव हां. इलंयच मी."

"ठेवतंय."

तो उठला. खांदे मागे गेले, मान ताठ झाली, आणि पाठ वळवेपर्यंत दिगंबर धुरी पुरता निघून गेला. कप्तान देवकी सहाव्या कुपीकडे चालू लागली.

बाळाकाकांनी पेटीचा भाता मिटला आणि खटका लावला. रेश्माकडे त्यांनी बघितलं नाही.

*

पुढच्या शुक्रवारी हॉलमध्ये माणसं जिन्यापर्यंत उभी होती. कंपनीने सीझन शंभर भागांचा केला होता. सलग आणि कोरे हे जुने पक्ष मोडले. आता अर्धे म्हणत होते की दहीकाल्याचा भाग ही स्वस्त चलाखी होती, अर्धे म्हणत होते की दिगंबरच्या बायकोने शेवटी जे केलं तसा अभिनय मालिकेत कोणालाच जमला नाही. पालव बंधूंनी पडदा काढून नव्या जागी लावला. रेश्माला या वेळी दोन गुच्छ मिळाले.

गार्गी दोरीच्या कुठल्याच बाजूला बसली नाही. आईच्या शेजारी बसली.

देवकीने उघड्या हाताने सहावी कुपी बंद केली. काच धुकटली. सगळा हॉल हात वर करून थांबला. या वेळी खूण बरोबर होती, कारण ती आता सगळ्यांना ठाऊक झाली होती.

देवकीचा डावा हात बाजूला शांत लोंबत राहिला. ती वळली आणि पुढच्या कामाला लागली.

"खूण खय?" उमेश पालव ओरडला. "खूण कापली यांनी! फसवणूक आसा ही!" मागून कोणी म्हणालं, पुढच्या भागासाठी राखून ठेवली असणार. हात एकेक करून खाली आले.

"आई," गार्गीने विचारलं, अगदी हळू, "बाबा खूण का नाय करणत आता?"

खेळ अजून आहे असं घरच्या माणसाने सांगितलं की तो पेटीकडे हात करत नसे. मुकाट्याने उभा राहायचा, पहाट होईपर्यंत.

"त्यांका सांगलंय मां मी," रेश्मा म्हणाली.

पडद्यावर देवकी सातव्या कुपीची काच पदराने पुसत होती. रेश्माचा डावा अंगठा गुच्छाच्या कागदाखाली करंगळीच्या मुळाशी गेला. एकदा. दोनदा. कोणी सूर चढवला नाही. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांसाठी गार्गी लाडवांचं ताट घेऊन उठली.